नांगर न लागलेले अन्न

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहासावरचा लेख म्हटला की तो १८९३ सालापासून सुरू होतो. लोकमान्य, पुणे, मेळे, मंडळे हा सगळा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे आणि मागच्या अंकांत तो अनेकदा येऊन गेला आहे. म्हणून यंदा संपादक मंडळाच्या परवानगीने मी उत्सवाच्या दुसऱ्या दिवसावर लिहिणार आहे. चतुर्थीला बाप्पा बसले की पाठोपाठ भाद्रपद शुद्ध पंचमी येते, म्हणजे ऋषिपंचमी. मंडपात त्या दिवशी काय असते? मुलांची चित्रकला स्पर्धा, संध्याकाळची आरती आणि केटररची पुरी, छोले, पनीर. पण आपल्यापैकी काही घरांत त्याच दिवशी एक भाजी शिजते. तिला कोणी ऋषीची भाजी म्हणते, कोणी कंदमूळ. इतिहासाच्या दृष्टीने मंडपातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा ती भाजी जुनी आहे, असे माझे मत आहे. ते का, ते सांगतो.

भाजीचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य नको, डाळ नको. परसात किंवा बांधावर हाताने लावलेले, कुदळीने खणलेले, वेलावर आपोआप आलेले चालते. अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळे, काकडी, भेंडी, भोपळा, कणसाचे तुकडे, सगळे एकत्र शिजवायचे. मसाला नाही. मीठ, हिरवी मिरची, आंबटपणासाठी चिंच किंवा अंबाडे, वरून ओले खोबरे. कडक पाळणाऱ्या घरांत तेलसुद्धा नाही, कारण तेलाचा घाणाही बैलच फिरवायचा. सोबत वरीचे तांदूळ किंवा देवभात, म्हणजे तळ्याकाठी न पेरता उगवणारा रानतांदूळ. आमच्याच घरात याच्या दोन पद्धती आहेत. माझी आई साताऱ्याकडची, ती चिंच घालते. सासूबाई सिंधुदुर्गातल्या, त्यांना अंबाड्याशिवाय ही भाजी ऋषीची वाटतच नाही. दोघींचा वाद दरवर्षी होतो, पण तेल न घालण्याबाबत दोघींचे एकमत आहे.

आता या भाजीकडे जरा चौकस नजरेने पाहा. त्यातला मका अमेरिकेतला. लाल भोपळा अमेरिकेतला. हिरवी मिरचीही तिथलीच, आणि काही घरांत घालतात ते भिजवलेले शेंगदाणेसुद्धा. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या गलबतांतून या वस्तू आपल्याकडे आल्या. म्हणजे सप्तर्षींच्या नावाने शिजणाऱ्या या भाजीतले तीन-चार जिन्नस कोणत्याही ऋषीने कधी पाहिले नव्हते! कोणी म्हणेल, मग ही भाजी जुनी कशी? माझे उत्तर असे की जुने आहेत ते जिन्नस नव्हेत, जुना आहे तो नियम. मका नवा आला तेव्हा आजीबाईंनी एकच गोष्ट विचारली असेल: हा परसात हाताने लावता येतो का? येतो. मग घाला. नियम इतका पक्का होता की दुसऱ्या खंडातून आलेला पाहुणा त्याने सहज आत घेतला आणि स्वतः जागचा हलला नाही.

हा नियम ऋषिपंचमीने निर्माण केलेला नाही. तो तिच्याहून पुष्कळ जुना आहे. वानप्रस्थाने काय खावे याचे नियम धर्मशास्त्रात आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की नांगरलेल्या जमिनीत आलेले, मग ते कोणी टाकून दिलेले का असेना, वानप्रस्थाने खाऊ नये. गौतमाच्या धर्मसूत्रात तर त्याने नांगरलेल्या जमिनीवर पायसुद्धा ठेवू नये, असे आहे. ऋषींचे धान्य म्हणजे नीवार, न पेरलेला रानतांदूळ. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची खूण कशाने पटते? झाडांच्या ढोलीतून पोपटांच्या तोंडून खाली सांडलेले नीवाराचे दाणे दिसतात त्याने. त्याही मागे गेले तर शतपथ ब्राह्मणात, वाजपेय यज्ञात, बृहस्पतीला नीवाराचा चरू द्यायचा असतो. यज्ञ राजेशाही, रथांच्या शर्यतीचा, पण त्यातला हा एक घास रानातला आहे. ज्या समाजाने नांगर उचलून तो पिढ्यानपिढ्या चालवला, त्याने नांगरापूर्वीचे अन्न देवासाठी आणि ऋषींसाठी राखून ठेवले होते.

व्रत म्हणून ऋषिपंचमीची नोंद मध्ययुगीन निबंधग्रंथांत मिळते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी रचला, त्यात व्रतांचा एक सबंध खंड आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या व्रताचा परामर्श घेतला आहे. मूळ शास्त्राप्रमाणे ते स्त्री-पुरुष दोघांचे होते, पुढे ते जवळजवळ बायकांचेच झाले, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. त्या दिवशी वाचतात ती विटाळाच्या दोषाची कथा मला स्वतःला पटत नाही आणि आमच्या घरी ती वाचली जात नाही. कथा सोडली म्हणून भाजी सोडायचे कारण नाही. कथा आणि भाजी यांत भाजीच मोठी आहे.

आणखी एक गोष्ट पंचांग उघडले की लक्षात येते. विदर्भ-मराठवाड्यात पोळा असतो तो श्रावण अमावास्येला. बैलांना अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. एका आठवड्यात आधी बैलाला जेवू घालायचे आणि मग एक दिवस त्याच्या कष्टाचे खायचे नाही. त्याआधी श्रावणात नागपंचमी होऊन गेलेली असते. त्या दिवशीही नांगर चालवायचा नाही, विळीवर चिरायचे नाही, तव्यावर भाजायचे नाही. म्हणून मग उकडीची दिंडे आणि पातोळ्या.

आपण दिल्लीकर मराठी मंडळींना वाटते की हे सगळे आपले खास महाराष्ट्रातले. गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद या भागात पूर्वांचलातली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यांना हलषष्ठीबद्दल विचारून पाहा. कोणी ललही छठ म्हणते, कोणी हरछठ. त्यांच्या पंचांगाने भाद्रपद वद्य षष्ठी, आपल्या पंचांगाने श्रावण वद्य षष्ठी, म्हणजे ऋषिपंचमीच्या बरोबर चौदा तिथी आधी. बलरामाचा जन्मदिवस, बलरामाचे आयुध नांगर, आणि त्या दिवशी व्रत करणारी बाई नांगरलेले काही खात नाही. तिच्या पानात तिन्नीचा किंवा पसही तांदूळ, म्हणजे आपला देवभातच, शिवाय महुआ आणि म्हशीचे दही. गाईचे दूध चालत नाही. छत्तीसगडात याला कमरछठ म्हणतात. भाषा वेगळी, देव वेगळा, कथा वेगळी, तिथीसुद्धा वेगळी. नियम मात्र तोच. एकच नियम इतक्या वेगवेगळ्या कथांना चिकटलेला सापडतो, तेव्हा कथा नंतरच्या आणि नियम आधीचा असे मानणे मला तर्काला धरून वाटते. आमच्या रेल्वेत म्हणतात की नियमपुस्तकातल्या प्रत्येक कलमामागे कधीतरी झालेला एक अपघात असतो. अपघात विसरला जातो, कलम चालू राहते, आणि नवा माणूस विचारतो, हे असे का? उत्तर देणारा कोणी नसतो, पण गाडी त्या कलमानेच चालते.

नांगर तरी किती जुना? त्याचा पुरावा दिल्लीहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यात कालीबंगा येथे १९६० च्या दशकात ब. ब. लाल आणि बा. कृ. थापर यांच्या उत्खननात नांगरलेले शेत सापडले, सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचे. तासे दोन दिशांनी एकमेकांना छेदणारी, एका बाजूची जवळजवळ आणि दुसऱ्या बाजूची लांब लांब. गंमत म्हणजे उत्खननाच्या वेळी आसपासचे शेतकरी तशीच आडवी-उभी तासे घालत होते, एका दिशेने मोहरी आणि दुसऱ्या दिशेने कुळीथ. कोकणातल्या पिठल्याचा कुळीथ राजस्थानच्या वाळूत असा भेटतो.

हाच कुळीथ पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावलाही सापडला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जळून कोळसा झालेले दाणे सापडले, त्यावरून त्यांच्या पानात काय होते ते कळते. मुख्य धान्य जव. त्याशिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. घरांशेजारी धान्याची पेवे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे होते. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणदार पेटी मिळाली. आत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, जवळ मातीचा बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. काडी घातली की देवी बैलावर बसते. गौरीचा मुखवटा आणि धड वेगळे ठेवून वर्षभराने पुन्हा जोडणाऱ्या आपल्या बायकांना ही पेटी पाहून काय वाटेल, याचा विचार माझ्या मनात येतो. इनामगावची ती देवी म्हणजेच आपली गौरी, असे मी म्हणत नाही. मधली तीन हजार वर्षे जोडणारा दुवा हातात नाही. पण देवी, बैल आणि धान्याचे पेव ही तिन्ही एकाच अंगणात होती, एवढे मातीनेच सांगितले आहे.

आता थोडे लांब जाऊ या, कारण त्याच शतकांत पृथ्वीवर दुसऱ्या एका ठिकाणी लोक आपल्या सणांच्या स्वयंपाकाची बारीकसारीक नोंद करून ठेवत होते. आजच्या तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या पूर्वेला बोआझकाले नावाचे गाव आहे. तिथे हत्तुशा ही हित्ती लोकांची राजधानी होती. इंग्रजी पुस्तके त्यांना हिटाइट म्हणतात. इ. स. पूर्व १६५० च्या सुमारास त्यांचे राज्य उभे राहिले आणि इ. स. पूर्व ११८० च्या सुमारास राजधानी ओस पडली. इनामगावात जवाची पेवे भरली जात होती तेव्हा हत्तुशातही जवच भरला जात होता. तिथे जमिनीखालचे प्रचंड कोठार सापडले आहे, त्यात आगीत कोळसा झालेल्या धान्याचा थर, आणि ते धान्य बहुतेक जवच. दोन्हीकडे तेच धान्य असण्याचे कारण साधे आहे. जव, गहू, मसूर आणि वाटाणा ही पिके पश्चिम आशियात माणसाळली आणि शेकडो पिढ्यांच्या हातांतून पूर्वेकडे आली.

हत्तुशाच्या अवशेषांत मातीच्या विटकरांवर लिहिलेला मजकूर सापडला, तुकडे धरून सुमारे तीस हजार. त्यात सगळ्यांत मोठा वाटा सणांच्या वर्णनांचा आहे. युद्धे आणि तह त्या मानाने थोडे. वसंतात एका कंदाच्या नावाचा उत्सव, तो अडतीस दिवस चाले आणि राजा-राणी गावोगाव फिरत. शरदात दुसरा तसाच मोठा उत्सव. कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या देवापुढे कोणती भाकरी मोडायची, पेला कोणी उचलायचा, राजाने उभे राहून प्यायचे की बसून, सगळे लिहिलेले. आमच्या कंट्रोल ऑफिसच्या चार्टवर गाड्या मांडतात तसेच हे काम आहे! भाकऱ्यांचीच शंभराहून जास्त नावे त्यात येतात. जाड, पातळ, गोड, आंबवलेली, प्राण्यांच्या आकाराची, चंद्राच्या आकाराची. देवळातल्या भटारखान्याचे नियमही आहेत. रोजची भाकरी करणाऱ्याने अंघोळ केलेली असावी, नखे आणि केस कापलेले असावेत, कपडे स्वच्छ असावेत, कुत्रे किंवा डुक्कर दाराशी येऊ नये. आपल्या आजीचे सोवळे आठवावे इतके हे ओळखीचे वाटते.

त्यांच्या पुरुल्ली नावाच्या सणात एक कथा सांगत. वादळाच्या देवाला एका महासर्पाने हरवलेले असते. मग इनारा देवी मेजवानी मांडते, मद्याची भांडी काठोकाठ भरते आणि सर्पाला पोराबाळांसह जेवायला बोलावते. तो इतके खातो-पितो की पुन्हा बिळात शिरता येत नाही आणि एक माणूस त्याला दोरीने बांधतो. शत्रूला शस्त्राने नव्हे तर पंगतीने जिंकल्याची ही कथा मला फार आवडते.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा रांजणाचा विधी. शरदात पीक निघाले की खेड्यातल्या देवाच्या रांजणात धान्य ओतून तो बंद करायचा. हिवाळा गेला आणि वसंतातला पहिला गडगडाट झाला की तो उघडायचा, धान्य दळायचे आणि त्या पिठाची भाकरी वादळाच्या देवापुढे न्यायची. या विधीमागे धान्य टिकवण्याचे शास्त्र आहे. हवाबंद जागेत धान्य ठेवले की दाणे श्वसन करून आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड मरते. बाहेरचा थर थोडा खराब होतो, आतले धान्य टिकते. हत्तुशाचे जमिनीखालचे कोठार याच तत्त्वावर होते आणि आपले पेवही. म्हणूनच आपल्याकडे पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, आधी हवा खेळू द्यावी, असा दंडक होता. घाईने उतरलेली माणसे गुदमरून गेलेली आहेत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे कालपरवापर्यंत होती, २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी गेली. पेव गेले तरी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मात्र आपण रोज वापरतो. दिल्लीत जन्मलेल्या मुलांना तो येतो, पण पेव म्हणजे काय ते ठाऊक नसते.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण दरवर्षी मंडपाबाहेर चहा पिताना कोणीतरी मला ते सांगतेच: हित्ती लोक वैदिक होते, इंद्र-वरुणाची पूजा करत. या बोलण्याला आधार आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. हत्तुशात १९०६ पासून ह्युगो विंक्लर यांनी उत्खनन केले, तेव्हा हित्ती राजा पहिला शुप्पिलुलिउमा आणि मितानीचा राजपुत्र शत्तिवाझा यांच्यातला इ. स. पूर्व चौदाव्या शतकातला तह सापडला. त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे आहेत. पण ती मितानीच्या बाजूने घातलेली आहेत, हित्ती देवांच्या यादीत ती नाहीत. मितानीच्याच किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथही तिथे मिळाला. त्यात घोड्याच्या फेऱ्यांना ऐक, तेर, पंझ, सत्त, नव असे अंक आणि त्यांना जोडून 'वर्तन' हा शब्द येतो. मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. मितानीचे हे शब्द आपल्या भाषेच्या अगदी जवळचे आहेत. हित्ती भाषा आपल्या भाषांची दूरची चुलत बहीण आहे, पूर्वज नाही. ती कशी उलगडली, तेही अन्नावरूनच. चेक पंडित बेड्रिख ह्रोझनी यांनी १९१५ साली एक वाक्य लावले, त्यात भाकरीचे चिन्ह होते, 'खाणे' असे वाटणारे क्रियापद होते आणि 'वातर' हा पाण्याचा शब्द होता. ते क्रियापद म्हणजे संस्कृतातल्या 'अद्' धातूचा भाऊबंद. अद् वरून 'अन्न' झाले. तीन हजार वर्षे मुकी असलेली भाषा पहिल्यांदा बोलली ती जेवणाबद्दल. नाते आहे ते एवढे आणि असे. आपल्या ऋषिपंचमीचा हत्तुशाच्या सणाशी वंशाचा संबंध जोडण्याची गरज नाही.

मग हित्ती सणांचे आज काय उरले? राजधानी ओस पडली त्याच्या आसपास अनातोलियात भीषण दुष्काळ होता. तिथल्या जुन्या लाकडांच्या वर्तुळांवरून इ. स. पूर्व ११९८ ते ११९६ ही सलग तीन वर्षे फार कोरडी गेली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याच्याही शतकभर आधी दुसरा मुर्शिली या राजाने साथीच्या रोगाबद्दल देवांना केलेल्या प्रार्थना सापडल्या आहेत. एका नदीच्या नावाने करायचा उत्सव आपल्या बापाच्या काळात राहून गेला, त्याचे हे फळ, असे तो कबूल करतो. पुढे तो देवांनाच व्यवहार सांगतो. तुमच्या भाकऱ्या करणारी आणि तुम्हाला पेला देणारी माणसेच मरत आहेत, मग तुम्हाला नैवेद्य कोण दाखवणार?

शेवटी तसेच झाले. भाकऱ्या करणारे हात गेले आणि शंभर भाकऱ्यांची नावे विटकरांवर राहिली. त्यांतल्या कित्येक भाकऱ्या कशा करत, ते आज कोणालाही सांगता येत नाही. हत्तुशा आहे तो चोरूम प्रांत आज लेब्लेबीसाठी प्रसिद्ध आहे. लेब्लेबी म्हणजे आपले फुटाणे. हरभऱ्याची रानटी पूर्वज जातही आग्नेय तुर्कस्तानातलीच. म्हणजे आपल्या पुरणाच्या डाळीचे माहेर त्या बाजूला आहे. लग्नात गहू आणि मटण रात्रभर घोटून केश्केक करतात, २०११ साली युनेस्कोने त्याची नोंद घेतली. पदार्थ आणि धान्ये त्या मातीत आहेत. कोणत्या देवापुढे, कोणत्या दिवशी, कोणी आणि का, ही व्यवस्था मात्र पुसली गेली.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. जिन्नस बदलले, व्यवस्था टिकली, आणि ती कोणी लिहून ठेवली नव्हती. गौरींचेच पाहा. अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मूळ नक्षत्रावर जाणार. येण्याच्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, कुठे आंबील, कोकणात काही घरांत चक्क तिखटाचा म्हणजे मटणाचा नैवेद्य. कुठे मुखवट्यांच्या, कुठे तेरड्याच्या, कुठे नदीवरून आणलेल्या खड्यांच्या गौरी. हे सगळे सासूकडून सुनेकडे तोंडी आले आहे. तोंडी परंपरा गावात टिकते, कारण तिथे शेजारच्या घरातही तेच चालू असते. एखादीचे चुकले तर भिंतीपलीकडून आवाज येतो. इंदिरापुरमच्या बाराव्या मजल्यावर भिंतीपलीकडे पंजाबी कुटुंब असते. तिथे एक कडी तुटली की ती तुटलीच. मंडळातल्या ज्या काकू-मावश्या १९६० आणि १९७० च्या दशकांत नोकरीनिमित्त आलेल्या यजमानांबरोबर दिल्लीत आल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. ज्या आहेत त्यांच्या मुली-सुनांपैकी किती जणी भाजीत तेल का घालत नाहीत हे सांगू शकतील? ही तक्रार सुनांची नाही. त्या सकाळी आठच्या मेट्रोने जातात. मुलगे आणि जावई काय करतात, हेही विचारायला हवे. काणे म्हणतात त्याप्रमाणे व्रत मुळात दोघांचे होते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. यंदा पंचमीच्या दिवशी महाप्रसादात एक पातेले ऋषीच्या भाजीचे असावे. ते केटररने नव्हे, आपण करावे. त्याआधी महिनाभर प्रत्येक घराने आपापली पद्धत एका कागदावर लिहून द्यावी. गाव कोणते, काय घालतात, काय घालत नाहीत, आणि का घालत नाहीत ते माहीत असेल तर तेही. चिंच की अंबाडे हा वाद मिटवू नये, दोन्ही लिहावे. पुढच्या स्मरणिकेत जाहिरातींची दोन पाने कमी करून ते छापता येईल, असे खजिनदारांशी बोलून ठेवले आहे.

जिन्नस मिळत नाहीत ही सबब दिल्लीत चालणार नाही. अळू कोणत्याही भाजीवाल्याकडे पावसाळ्यात 'अरबी के पत्ते' म्हणून मिळते, चित्तरंजन पार्कच्या बंगाली भाजीवाल्यांकडे 'कोचू' म्हणून. सुरण म्हणजे जिमीकंद, शिराळे म्हणजे तोरई, पडवळ म्हणजे चिचिंडा, तांबडा माठ म्हणजे लाल चौलाई. अंबाडे त्याच बंगाल्यांकडे 'आमडा' या नावाने मागावेत, सासूबाईंनी ते खाऊन पाहून मान्य केले आहेत. वरीला इथे समा के चावल म्हणतात. आणि खरा देवभात हवा असेल तर पूर्वांचलातल्या माणसाचे किराणा दुकान गाठावे आणि तिन्नीचा तांदूळ मागावा. हलषष्ठीसाठी आणलेल्या मालातला पाव-अर्धा किलो पंचमीपर्यंत शिल्लक असतो.